स्तोत्र ९१, धंतोली आणि रोजची भाकर

आमच्या लाइनमधला एक मित्र, एमआरच (औषध कंपनीचा प्रतिनिधी) आहे पण दुसऱ्या कंपनीचा, परवा नागपूरच्या धंतोलीत एका क्लिनिकच्या बाहेर बॅगा धरून आम्ही दोघं डॉक्टर फ्री व्हायची वाट पाहत होतो तर मधेच म्हणतो, "काहून बे, आजकाल भल्लाच चर्चवाला होऊन राहिला म्हणते तू?" मी म्हटलं हाव. तर म्हणे, "पण तू तं आधीपासूनच ख्रिश्चन होता नं?" तेवढ्यात रिसेप्शनवरून हाक आली आणि विषय तिथेच राहिला, पण प्रश्न एकदम नेमका होता, म्हणून आज दुपारी कूलरसमोर बसून लिहून काढतोय. लांबण लागणार, आधीच सांगतो.

हो, आधीपासूनच होतो. पणजोबांच्या काळापासून आमचं घर ख्रिस्ती, त्यामुळे बाप्तिस्मा लहानपणीच झाला, दृढीकरण (मोठं झाल्यावर स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी) दहावीच्या आसपास झालं, संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षिसं मिळवली (एक स्टीलचा डबा अजून घरात आहे, माझं नाव कोरलेला, त्यात आई आता हिंग ठेवते), नाताळ आला की आई आणि आत्या मिळून करंज्या, चकल्या, अनारसे करायच्या आणि आम्ही पोट्टे ताटं झाकून मोहल्लाभर फराळ वाटत फिरायचो, ३१ डिसेंबरला रात्री वॉच नाइटची उपासना, मग टोपलीतून एक वचनाचं कार्ड उचलायचं आणि ते वर्षभर पाकिटात ठेवायचं. हे सगळं मला तेव्हाही आवडायचं, आजही आवडतं. पण "तुझा विश्वास कशावर आहे" असं कोणी विचारलं असतं तर मी बहुतेक चर्चची बिल्डिंग दाखवली असती. आणि आमच्याकडे दाखवायला बिल्डिंगही तशी तगडी आहे, सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल, जिथे २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया सुरू झालं, म्हणजे अख्ख्या उत्तर भारतातल्या चर्चचा एवढा मोठा निर्णय आपल्या नागपुरात प्रत्यक्षात आला. बाबा तेव्हा शाळेत होते आणि त्या दिवशीची गर्दी आपण पाहिली असं ते दर नोव्हेंबरात सांगायचे, आम्ही दर नोव्हेंबरात पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचो.

बाकी जिवाला सुरक्षित वाटणं, ते वेगळ्या खात्यातलं होतं. ते एलआयसी, एसआयपी, बेसाच्या फ्लॅटचा ईएमआय वेळेवर जाणं आणि महिन्याचं टार्गेट याच्यावर चालायचं. एमआरची नोकरी ज्यांनी केली त्यांना सांगायला नको, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माणूस माणसात नसतो, स्टॉकिस्टच्या पाया पडतो, वर्धा-यवतमाळ एका दिवसात मारतो, आणि एक तारखेला पुन्हा शून्यापासून सुरू. देव त्याच्यात कुठे यायचा तर दारावर. आमच्या दाराच्या चौकटीवर बायबलमधल्या स्तोत्र ९१ चं स्टिकर होतं, "जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो, तो सर्वसमर्थाच्या सावलीत राहील." लॉकडाऊन लागल्यावर तर ते स्तोत्र घराघरात रोज संध्याकाळी वाचलं जायचं, व्हॉट्सअॅपवर फिरायचं, कारण त्यात स्पष्ट मरीचा उल्लेख आहे, बाजूला हजार पडतील, उजव्या हाताला दहा हजार पडतील पण तुला काही होणार नाही असं आहे. आमच्याही घरी रोज वाचलं. बाबाच वाचायचे, मोठ्याने, चष्मा कपाळावर सरकवून.

एप्रिल २०२१ मध्ये बाबांना कोरोना झाला.

तो महिना नागपूरकरांना वेगळा सांगायची गरज नाही. मी एवढंच सांगतो की धंतोली-रामदासपेठेतल्या निम्म्या हॉस्पिटलांच्या वॉचमनपासून मालकापर्यंत माझी ओळख, रिसेप्शनवरच्या पोरींच्या वाढदिवसाला मी कंपनीचे पेन दिलेले, डॉक्टरांच्या मुलांची नावं पाठ, पंधरा वर्षं हेच केलं होतं, ओळख ठेवणं हाच माझा धंदा. आणि त्या रात्री बाबांना कारमध्ये मागच्या सीटवर टेकवून, ऑक्सिमीटर ७४ दाखवतोय, मी एकेकाला फोन लावत होतो. जे उचलत होते ते रडकुंडीला आलेले होते, कोणालाही दोष देत नाही, बेड नव्हताच तर कुठून देणार. पहाटे एके ठिकाणी कॉरिडॉरमध्ये सिलिंडर मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले. कब्रस्तानात आम्ही मोजकेच, पीपीई किटमध्ये घामाने निथळत, पाळक साहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) लांबून प्रार्थना वाचतायत, मास्कमधून अर्धं ऐकू येत नव्हतं.

घरी आलो तर ते स्टिकर समोर. मी नखाने खरवडून काढायला लागलो, ते काही नीट निघेना, अर्धं निघालं, अर्धं राहिलं. बायको काही बोलली नाही, तिने आत जाऊन पाणी तापवलं.

आता इथून पुढे लोक जी साक्ष देतात ती मी नीट ओळखतो, "मग मला एक स्वप्न पडलं", "मग एक आवाज आला" वगैरे. माझ्या बाबतीत असं काही झालं नाही. झालं हे की दोन-तीन हितचिंतक आले, त्यातले एक जण कुठल्याशा मोठ्या सभा घेणाऱ्या प्रचारकाच्या मागे असलेले, ते म्हणाले घरात कुठेतरी विश्वास कमी पडला असेल. आईसमोर म्हणाले. आईने चहा दिला त्यांना, मी नसता दिला. अशा बोलण्याची मला आजही चीड आहे आणि मला वाटतं ती चीड ख्रिस्ती माणसाला असलीच पाहिजे, कारण बायबलमध्ये सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र नेमकं हेच बोलत होते, तू काहीतरी पाप केलं असशील म्हणून असं झालं, आणि पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबाला नाही, त्या मित्रांना झापतो.

पाळक साहेब आले ते मात्र रिकाम्या हाताने आले, म्हणजे उत्तर न घेता. बराच वेळ बसले, बाबांच्या जुन्या गोष्टी काढल्या, मग विचारलं स्तोत्र वाचू का. मला वाटलं आता ९१ नाहीतर २३. त्यांनी ८८ उघडलं. मी आयुष्यभर चर्चमध्ये वाढलो पण हे स्तोत्र कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं, कारण ते वॉच नाइटच्या कार्डावर छापताच येत नाही. पूर्ण स्तोत्र म्हणजे तक्रार. मी रात्रंदिवस ओरडतोय, तू माझा त्याग का करतोस, तोंड का लपवतोस, माझ्या माणसांना माझ्यापासून दूर केलंस. बाकीच्या रडगाण्याच्या स्तोत्रांत शेवटी तरी "तरी मी तुझी स्तुती करीन" असं वळण येतं. यात ते येतच नाही, ते अंधारात संपतं. पाळक साहेबांनी पुस्तक बंद केलं आणि म्हणाले, हे पण देवाच्याच पुस्तकात आहे, कोणी काढून टाकलं नाही, तुम्हाला जे बोलायचं ते बोला त्याच्याशी. आणि गेले. सलाम करून, हो, आमच्याकडे जुनी माणसं अजून सलामच करतात.

मला त्या दिवशी काही बरं-बिरं वाटलं नाही. पण रात्री गच्चीत जाऊन मी देवाला शिव्या सोडून बाकी सगळं बोललो. लहानपणापासून प्रार्थना करत आलो होतो, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या" पासून "आमेन" पर्यंत, पण बोललो पहिल्यांदाच. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथे कुठेतरी आहे, नवं काही सुरू झालं असेल तर ते या भांडणापासून.

मग मी ९१ कडे परत गेलो, राग होता म्हणून गेलो, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली जी संडे स्कूलमध्ये पाठ होती पण कधी जोडली नव्हती. हे स्तोत्र शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, कोण म्हणतं माहीत आहे? सैतान. येशूला मंदिराच्या टोकावर उभं करून म्हणतो, टाक उडी, लिहिलंच आहे नं की दूत तुला हातावर झेलतील, तुझ्या पायाला ठेच लागणार नाही. आणि येशू उडी टाकत नाही. तो म्हणतो देवाची परीक्षा पाहू नको. म्हणजे ज्याच्याबद्दल ते स्तोत्र सगळ्यात जास्त खरं असायला पाहिजे त्याने स्वतः ते इन्शुरन्स पॉलिसी म्हणून वापरायला नकार दिला, आणि पुढे वधस्तंभावर गेला, तिथेही त्याच्या तोंडी दुसरं स्तोत्र होतं, २२ वं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास." हे वाचून मी कितीतरी वेळ बसून होतो. बाबांच्या बाजूने कोणीतरी बोललं असं वाटलं.

आणि इतिहास पाहिला तरी तेच. नागपुरात ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे (कॉलेज १८८३ चं), ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून १८४५ च्या सुमारास इकडे आले, शाळा चालवल्या, आसपासचे दगड आणि जीवाश्म गोळा करून भूगर्भशास्त्रात नाव केलं, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटजवळची जुनी शिळावर्तुळं पाहून परत येताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. वय ४५. सर्वसमर्थाच्या सावलीतला माणूस, आणि बुटीबोरीच्या आसपासच्या एका ओढ्यात. बुटीबोरी माझ्या बीटमध्ये, म्हणजे कामाच्या भागात, येते, पावसाळ्यात त्या बाजूला जातो तेव्हा हे डोक्यात येतंच. म्हणून ज्यांना वाटतं विश्वास ठेवला की पाय ओला होणार नाही त्यांनी आपल्याच गावचा हा एक माणूस लक्षात ठेवावा.

मग विश्वासाने मिळतं काय? मला हे नीट सांगता येत नाही पण प्रयत्न करतो.

बाबा गेल्यावर वर्षभरात माझी नोकरीही गेली, कंपनीने आमची अख्खी डिव्हिजन बंद केली, ईमेलवर. आणि मग मला ते सुरू झालं, रात्री दोन-अडीचला दचकून उठायचं, छाती धडधड, हात गार, वाटायचं हार्ट अटॅक आला. ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल. फिजिशियन ओळखीचे, त्यांनी स्पष्ट सांगितलं, हृदयाला काही नाही, सायकियाट्रिस्टकडे जा. गेलो. गोळ्या घेतल्या, आठ-दहा महिने घेतल्या आणि डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. हे मुद्दाम लिहितोय कारण आमच्या मंडळीत असे लोक आहेत ज्यांना वाटतं गोळी घेतली म्हणजे प्रार्थनेवर भरवसा नाही. त्यांनी बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचावा. एलीया संदेष्टा, आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवून आलेला मोठा माणूस, राणीने धमकी दिल्यावर रानात पळतो आणि झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. देव त्याला लेक्चर देत नाही. तो झोपतो. देवदूत येतो, उठवतो, गरम भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली, खा म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खा म्हणतो, कारण वाट लांबची आहे. आध्यात्मिक नवीकरण की काय ते म्हणतात त्याची सुरुवात बायबलमध्ये दोन झोपा आणि दोन जेवणांनी होते! मग होरेब पर्वत, वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो मंद आवाज, ते सगळं नंतर. आणि त्या आवाजानेही पहिलं काय केलं तर प्रश्न विचारला, तू इथे काय करतोस, आणि मग कामाला लावलं.

आमच्या घरी देवदूत म्हणजे मंडळीतल्या बाया होत्या. महिला मंडळाने आपसात वार ठरवले होते आणि आम्हाला सांगितलंही नव्हतं, नोकरी गेल्याचं कळल्यावर पहिला महिनाभर कोणी ना कोणी डबा घेऊन यायचं, वांग्याची भाजी, झुणका, एकदा तर एका काकूंनी सावजी रश्शाचं मटण आणलं आणि म्हणाल्या प्रार्थना नंतर करू, आधी गरम आहे तोवर जेवा. एका दादाने न मागता पोराची शाळेची फी भरली, आणि परत करायला गेलो तर घेतली नाही. चर्चमधल्या राजकारणावर मी तासभर बोलू शकतो, कमिटीची इलेक्शन, जागेचे वाद, कोणी कोणाशी बोलत नाही, सगळं आहे, काही गोड बोलायची गरज नाही. पण हेही आहे, आणि हे मी स्वतः खाल्लेलं आहे.

याच दिवसांत पंडिता रमाबाईंनी स्वतःबद्दल लिहिलेलं वाचलं. तोपर्यंत आमच्यासाठी त्या म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन आणि बायबलचं भाषांतर, एवढंच. बाईंचं आयुष्य पाहिलं तर सुरक्षित हा शब्द कुठे बसवावा कळत नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांतच, १८८२ ला, नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मुलगी, आणि म्हातारपणी १९२१ ला ती एकुलती एक मुलगी, मनोरमा, तीही गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये बाई गेल्या. मला धरून ठेवलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. बाप्तिस्मा १८८३ चा, पण त्या म्हणतात की त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी विदुषी, संस्कृत कोळून प्यालेली, आणि हे उघड लिहून ठेवते. मी तर जन्मतःच धर्म मिळालेला माणूस, मला हे वाचून धीर आला, की हे उशिरा होऊ शकतं, चर्चच्या आत बसलेल्या माणसालाही होऊ शकतं आणि त्यात लाजायचं कारण नाही.

आता एक वचन आहे जे मला पूर्वी फार आवडायचं आणि आता जास्तच आवडतं पण वेगळ्या कारणासाठी. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९:११. मगवर, कॅलेंडरवर, गाडीच्या काचेवर, सगळीकडे असतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला आशादायक भविष्य द्यावं असे आहेत. त्याच्या मागचं-पुढचं कोणी छापत नाही. ते एक पत्र आहे. यरुशलेमहून बाबेलला, पकडून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा सगळ्यांसमोर छातीठोक सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, टाळ्या मिळवणारा संदेश एकदम. आणि यिर्मया पत्रात लिहितो, सत्तर वर्षं. सत्तर! म्हणजे वाचणाऱ्यातले बरेच तिथेच मरणार. म्हणून घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. हे सगळं सांगून झाल्यावर मग ते हिताच्या संकल्पांचं वाक्य येतं. मला हे फार खरं वाटतं. आजही हनन्या भरपूर आहेत, स्टेजवर, यूट्यूबवर, दशांश (कमाईचा दहावा भाग) टाका आणि महिनाभरात दुप्पट मिळवा, आणि त्यांच्या सभेला आमच्या रविवारच्या उपासनेपेक्षा जास्त गर्दी असते हेही कबूल. पण नोकरी नसताना मला "दोन वर्षांत" म्हणणारा नको होता, कारण तारीख चुकली की परत तोच खड्डा. मला "तिथेच मळा लाव" म्हणणारा पाहिजे होता. मी एका होलसेलरकडे कमी पगारावर लागलो, संध्याकाळी पोरांच्या केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेतल्या (बीएस्सी कधीतरी कामी आली), नंतर कुठे परत एमआरची जागा मिळाली.

रात्रीच्या धडधडीचं काय केलं ते विचारणारे बरेच असतात, म्हणून सांगतो. गोळ्या होत्याच. त्याशिवाय पाळक साहेबांनी एकच सांगितलं होतं, रात्री महिन्याचा हिशोब देवासमोर मांडू नको, फक्त उद्याच्या संध्याकाळपर्यंतचं माग. प्रभूच्या प्रार्थनेत पण तेवढंच आहे, आमची रोजची भाकर आज आम्हास दे. रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवाने आकाशातून दिलेलं अन्न) मिळायचा तोही त्या दिवसापुरताच, ज्यांनी हुशारी करून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला त्याच्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट. टार्गेटवर वाढलेल्या माणसाला हे फार अवघड जातं, आम्हाला तर मार्चचं एप्रिलमध्ये ढकलायची सवय. पण मी करत गेलो. अडीचला जाग आली की उठून पाणी प्यायचं, "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या, म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन" हे हळू म्हणायचं, आणि उद्याची दोन-तीन कामं नाव घेऊन त्याला सांगायची, पोराला शाळेत सोडणं, अमुक केमिस्टकडचं पेमेंट. एवढंच. कधी झोप यायची, कधी नाही यायची. धडधड एका रात्रीत गेली नाही, कमी होत होत कधी गेली ते नीट सांगताही येणार नाही, आणि अजूनही मार्चमध्ये एखाद्या रात्री येतेच. फरक हा की आता ती आली की मी एकटा नसतो. हे वाक्य लिहिताना मला माहीत आहे की ज्याला अनुभव नाही त्याला ते पोकळ वाटेल, मलाही वाटायचं.

मत्तयाचा तो सहावा अध्याय, पाखरांकडे पाहा, उद्याची चिंता करू नका, "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे", तो डोंगरावरच्या प्रवचनात येतो, आणि त्या प्रवचनाचाही नागपूरशी एक धागा आहे. कवी ना. वा. टिळक नागपुरात राहायचे तेव्हा १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन सहप्रवासी भेटला, कवितेच्या गप्पा निघाल्या आणि त्याने जाताना त्यांच्या हातात नवा करार ठेवला. वाचत वाचत टिळक या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला. मी त्या रूटने गोंदियाला जातो बऱ्याचदा, सेकंड सीटिंगमध्ये, आणि आजूबाजूचे सगळे मोबाइलवर रील पाहत असतात, मीही पाहतो.

कामावर एक-दोघं गमतीत म्हणतात, किती पैसे मिळाले रे चर्चकडून. हसून सोडतो, उलट दर रविवारी मीच दानाचं पाकीट टाकून येतो हे त्यांना काय सांगू. खरं सांगायचं तर गंमत नेहमी गमतीतच राहील याची खात्री आजकाल कमी वाटते, काही बातम्या वाचून आई काळजी करते. पण आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरी बुद्धवंदना होते, वरच्या मजल्यावर दहा दिवस गणपती असतो, बाबांच्या वेळी याच दोन घरांनी रात्रभर सिलिंडर शोधला होता. यिर्मयाने शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा म्हटलं ते मी या दोन फ्लॅटपासून सुरू करतो.

स्टिकरचं विचाराल तर आईने नवीन आणून लावलं. तेच, ९१. मी म्हटलं आई, परत तेच काहून? ती म्हणे, "हे येशूला त्याच्या बापानेच शिकवलेलं, मग सैतानाने चोरलं म्हणून आपण काय सोडून द्यायचं का?" वाद घालण्यात अर्थ नव्हता. आणि पूर्ण स्तोत्र नीट वाचलं तर शेवटी देव स्वतः बोलतो, तो म्हणतो संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. संकट येणारच नाही असं त्या ओळीत नाही.

आई आता रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना करते, एवढ्या मोठ्याने की माझा अलार्म बंद ठेवला तरी चालतो. गुड फ्रायडेला बारा ते तीनची उपासना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, तरी तिला पहिल्या बाकावर बसायचं असतं आणि येशूच्या वधस्तंभावरच्या सातही वचनांवरचे सातही संदेश पूर्ण ऐकायचे असतात, मी चौथ्यापर्यंत पाणी प्यायला दोनदा बाहेर येतो. मागे एकदा मी तिला विचारलं, तुला कधी वाटत नाही का की त्या रात्री त्याने एक बेड दिला असता तर त्याचं काय गेलं असतं. ती म्हणाली वाटतं नं, रोज वाटतं. "मी यादी करून ठेवली आहे. वर गेल्यावर पहिला प्रश्न हाच, तुझे बाबा समोर असतील, त्यांच्यासमोरच विचारीन." दुसरा प्रश्न सदरच्या घराच्या वाटणीबद्दल आहे आणि त्यात माझ्या मोठ्या काकांचं नाव आहे, म्हणून तो इथे लिहीत नाही.